नाझरसाहेबांना सापडलेलं नाणं

अंबडच्या कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले श्रीपतराव पाठक यांनी आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून केल्या. एक, जुनी नाणी जमवली. दुसरी, वडीगोद्रीच्या काकासाहेबांवर जळले. पहिली गोष्ट सगळ्या अंबडला ठाऊक होती. दुसरी फक्त त्यांच्या बायकोला, विमलताईंना. रविवारी वडीगोद्रीहून परत आल्यावर नवरा भाजीत मीठ जास्त झालं म्हणून कुरकुरायला लागला की आज काकासाहेबांना काहीतरी सापडलंय, हे त्या न विचारता ओळखायच्या.

श्रीपतरावांचं नाण्यांचं कपाट बघण्यासारखं होतं, यात वाद नाही. निझामाच्या काळातले चारमिनार छापाचे हाली शिक्के, मोगलांचे रुपये, मराठ्यांच्या तांब्याच्या शिवराया, आणि सगळ्यात वरच्या खणात दोन हजार वर्षांपूर्वीच्या सातवाहन राजांची नाणी. प्रत्येक नाणं प्लास्टिकच्या चौकोनी पाकिटात आणि खाली टाइप केलेली चिठ्ठी. पण यातलं एकूण एक नाणं विकत घेतलेलं होतं. पुण्याचं प्रदर्शन, हैदराबादचा व्यापारी आणि अलीकडे मोबाइलवर चालणारे लिलाव. लिलावात शेवटची बोली लावताना छाती धडधडायची, नाही असं नाही. पण नाणं घरी येईपर्यंत ती धडधड कुठल्या कुठे गेलेली असायची. कुरियरवाला ओटीपी मागायचा आणि राजा श्रीपतरावांच्या ताब्यात यायचा.

मग पाहुणे यायचे. श्रीपतराव मोठ्या हौसेनं खण ओढायचे, भिंग द्यायचे, राजाचं नाव, त्याच्या लढाया, त्याची राजधानी सगळं सांगायचे. पाहुणे मान डोलवायचे आणि विचारायचे, "कितीला पडलं?" आकडा सांगितला की नाण्याची गोष्ट तिथंच संपायची आणि पैशाची सुरू व्हायची. एका व्याह्यांनी तर कपाटावर एक नजर टाकून, "एवढ्यात आमच्याकडे जालन्यात प्लॉट आला असता," असं तोंडावर सांगितलं होतं. व्याही असल्यामुळे श्रीपतरावांना हसावं लागलं.

काकासाहेबांना हा प्रश्न कधी कुणी विचारला नाही. विचारणार कसा? त्यांनी नाण्यापायी एक पैसा मोजलेला नव्हता.

काकासाहेबांचं रान वडीगोद्रीच्या पुढे, हायवेपासून आत. ऊस अंकुशनगरच्या कारखान्याला, थोडा कापूस, थोडी तूर. पूर्वी गावोगावच्या जुन्या, ओसाड गावठाणांची पांढरी माती खत म्हणून बैलगाड्या भरभरून शेतात आणून टाकायची रीत होती. काकासाहेबांच्या वडिलांनीही अशा कितीतरी गाड्या आणून रानात पसरल्या होत्या. त्या मातीबरोबर जुन्या गावांचं काय काय रानात आलं होतं. खापरं यायची, मणी यायचे, बांगड्यांचे तुकडे यायचे आणि मधूनच एखादं नाणं. नांगरट झाली की काकासाहेब सकाळच्या तिरप्या उन्हात अनवाणी रानातून चक्कर मारायचे. वाकायचे, काहीतरी उचलायचे, धोतराला पुसायचे आणि जर्द्याच्या रिकाम्या डबीत टाकायचे. त्यांचं कपाट म्हणजे ती डबी.

दोघांची ओळख कोर्टातलीच. बांधाच्या भांडणाच्या निकालाची नक्कल घ्यायला काकासाहेब आले होते. जाता जाता त्यांनी खिशातून एक काळपट गोळा काढून टेबलावर ठेवला. "साहेब, तुम्हाला ह्यातलं कळतं म्हने. काय हाय हे बघा बरं."

श्रीपतरावांनी भिंग लावलं. सोंड वर केलेला हत्ती. शिशाचं सातवाहन नाणं, अगदी अस्सल. त्यांनी तसंच एक गेल्याच महिन्यात पुण्याहून घासाघीस करून आणलं होतं.

"कुठं मिळालं?" त्यांनी विचारलं.

"रानात," काकासाहेब म्हणाले.

एवढा एक शब्द. पण तो श्रीपतरावांच्या काळजात जो रुतला, तो रुतलाच. आपण एवढी वर्षं वाचतोय, लिपी शिकलोय, पीएफमधून पैसे काढून नाणी घेतोय, आणि ह्या माणसाला ते पायाखाली मिळतं! रानात!

पुढं मैत्री वाढली. हेव्यानं जोडलेली मैत्री फार चिवट असते. श्रीपतराव दर रविवारी स्कूटर काढून वडीगोद्रीला जायचे. हायवेवर पुंजारामचं चहाचं हॉटेल होतं. तिथं काकासाहेब, कारखान्यातून निवृत्त झालेले तातेराव आणि गावातली आणखी दोन-चार माणसं बसलेली असायची. काकासाहेब डबी उघडायचे आणि सांगायला लागायचे. माणूस सांगायचा मोठ्या रंगात. ढेकूळ कसं उन्हात चमकलं, पाय कसा आपोआप थांबला, खाली वाकल्यावर आधी ते बियाणाच्या पिशवीचं सील कसं वाटलं. पुंजाराम चहा उतू जाऊ द्यायचा. ट्रकचे ड्रायव्हरसुद्धा बिल द्यायचं सोडून ऐकत उभे राहायचे. श्रीपतरावांना ते ऐकवत नसे. त्यातही काकासाहेबांना सापडलेल्या पहिल्या नाण्याची गोष्ट तर त्यांना अजिबात सोसवायची नाही. ती गोष्ट "त्या साली आमची तांबडी गाय हरपली" अशी सुरू व्हायची. गावाला ती पाठ होती आणि तरी गाव ती पुन्हा पुन्हा सांगायला लावायचं. तांबडी गाय हरवली रे हरवली की श्रीपतराव स्कूटरची किल्ली शोधायला लागायचे. त्या गायीचं पुढं काय झालं, हे त्यांनी इतक्या वर्षांत कधी ऐकलंच नव्हतं.

जळफळाट माणसाला काय काय सुचवतो! कोर्टात जन्म गेल्यामुळे श्रीपतरावांना कायदा माहीत होता. जमिनीत सापडलेल्या धनाची वर्दी सरकारला द्यावी लागते. तहसीलला एक निनावी अर्ज टाकावा, असं दोनदा त्यांच्या मनात येऊन गेलं. एकदा तर मनातल्या मनात अर्जाचा मजकूरही तयार झाला आणि तो त्यांना आवडला. मग त्याच संध्याकाळी साळूबाईंनी, म्हणजे काकासाहेबांच्या बायकोनं, पिशवीभर शेवग्याच्या शेंगा घरी पाठवल्या. श्रीपतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेंगा मात्र त्यांनी खाल्ल्या.

मग त्यांनी स्वतः शोधून पाहिलं. काकासाहेबांनी आनंदानं सगळं रान मोकळं करून दिलं. "फिरा की बिनधास्त. पर बूट काढा नाझरसाहेब. बुटातून काय कळणार?" श्रीपतरावांनी बूट काढले. पहिल्या दिवशी त्यांना बाभळीचा काटा मिळाला, तोही टाचेत. पुढच्या रविवारी ट्रॅक्टरचं वायसर. त्याच्या पुढच्या रविवारी सोड्याच्या बाटलीचं झाकण. तिकडे शेजारच्या नांगराच्या तासात काकासाहेब बोलता बोलता वाकले आणि हत्ती उचलून उभे राहिले. "घ्या, तुम्हाला," असं म्हणून त्यांनी तो श्रीपतरावांच्या हातावर ठेवला. श्रीपतरावांनी तो परत केला. दिलेलं नाणं त्यांना नको होतं. त्यांना जन्मात एकदा, फक्त एकदा, स्वतःच्या हातानं मातीतून उचललेलं नाणं हवं होतं. त्या एकाच्या बदल्यात विकत घेतलेली सगळी द्यावी लागली असती तरी चाललं असतं, असं ते विमलताईंना म्हणालेही होते. विमलताईंनी, "मग सगळी विका आणि आधी माझा स्वयंपाकघराचा ओटा करा," असं उत्तर दिलं.

तो ओटा हे त्या घरातलं जुनं दुखणं होतं. ग्रॅनाइटच्या ओट्यासाठी साठवलेल्या पैशांतूनच श्रीपतरावांनी त्यांच्या संग्रहातलं सगळ्यात मोलाचं नाणं घेतलं होतं. चांदीचं, एका बाजूला यज्ञ सातकर्णी राजाचा चेहरा, कुरळे केस, धारदार नाक, कानात कुंडल. विमलताई जुन्या शहाबादी फरशीवरच भाकऱ्या थापत राहिल्या. ते नाणं श्रीपतरावांनी काकासाहेबांना कधी दाखवलं नव्हतं. काकासाहेब कौतुकच करतील, पण तातेराव कितीला पडलं ते विचारतील, ही त्यांना खात्री होती.

आणि मग एका रविवारी हॉटेलात व्हायचं ते झालं. काकासाहेब सहज बोलून गेले, "नाझरसाहेबांकडं लई भारी माल हाय. आपली डबी त्यांच्यापुढं काहीच न्हाई. पर त्यांना एकदा तरी सापडायला पायजे. सापडल्याशिवाय मजा न्हाई."

"सापडतं का कुठं!" तातेराव म्हणाले. "त्यांना पावती लागती."

सगळे हसले. काकासाहेबसुद्धा हसले. त्या हसण्यात कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं, आणि तेच श्रीपतरावांना फार लागलं. अंगाचा तिळपापड झाला. स्कूटर चालवताना त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. ह्या माणसाला एकदा माझा हेवा वाटला पाहिजे. बस, एकदा.

आपल्याच कपाटातला शिशाचा हत्ती रानात पुरून शोधून काढण्यात उपयोग नव्हता. हत्ती काकासाहेबांकडे डबीभर होते. ज्यानं काकासाहेबांची झोप उडेल असं नाणं पाहिजे होतं, आणि तसं श्रीपतरावांकडे एकच होतं. चेहऱ्याचं. सापडल्याचं नाटक झालं की ते परत घरीच येणार होतं, त्यामुळे तोटा काहीच नव्हता. त्यांनी पाकीट कापलं, नाणं बाहेर काढलं आणि त्याची चकाकी जावी म्हणून अंगणातल्या तुळशीच्या कुंडीत काही दिवस पुरून ठेवलं. विमलताई रोज सकाळी त्यावर पाणी घालत होत्या.

पुढच्या रविवारी श्रीपतराव उजाडता उजाडताच वडीगोद्रीला पोचले. रानाच्या अगदी कडेला पडकी विहीर होती. तिच्यामागं रुईची झुडपं होती आणि पूर्वी तिथं शेळ्या बसायच्या, म्हणून तो कोपरा कधी नांगरलेला नव्हता. तिथून काकासाहेबांची शेतावरची वस्ती दिसत नव्हती, म्हणजे वस्तीवरूनही तिथलं कुणाला दिसत नव्हतं. श्रीपतराव गुडघे टेकून बसले. स्कूटरच्या किल्लीनं त्यांनी थोडी माती उकरली, नाणं ठेवलं, वर माती लोटली, राजाचं नाक तेवढं उघडं राहू दिलं. मग हात झटकून ते हॉटेलात जाऊन चहा पीत बसले. चोरासारखी छाती धडधडत होती. खरं सांगायचं तर लिलावात धडधडायची त्याहून जास्त.

ऊन वर आल्यावर काकासाहेब आणि तातेराव यांच्याबरोबर ते रानात गेले. थोडं इकडे, थोडं तिकडे केलं आणि "जरा विहिरीकडे बघतो" म्हणून त्या कोपऱ्याकडे वळले. मग त्यांनी हाक मारली. हाक मारताना आवाज कापला, आणि ते काही नाटक नव्हतं.

काकासाहेब धावत आले. नाणं हातात घेऊन त्यांनी ते उन्हात धरलं, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की जणू पोरीचं लग्न ठरलं. "चांदी! माणसाचं तोंड हाय ह्याच्यावर! अरे तातेराव, बघ, बघ नाझरसाहेबांना काय सापडलं!" त्यांनी श्रीपतरावांना घट्ट मिठी मारली. तातेरावांनी मोबाइलवर फोटो काढले आणि ते लगेच गावाच्या ग्रुपवर गेले. श्रीपतराव मिठीतून काकासाहेबांच्या खांद्यावरून बघत होते आणि त्यांना आनंदाऐवजी राग येत होता. हा माणूस जळत का नाही? एवढं मोठं नाणं सापडलं तरी ह्याच्या पोटात दुखत कसं नाही?

काकासाहेब नाणं मुठीत धरून वस्तीकडे निघालेसुद्धा. लांबूनच ओरडले, "अगं, खिळा काढ! नवा खिळा! नाझरसाहेबांना सापडलं!"

"खिळा?" श्रीपतराव मागून धावत म्हणाले. "खिळा कशाला?"

"काय चेष्टा करता का साहेब!" काकासाहेब हसले. "इतक्या बारी सांगितलं न्हाई का तुम्हाला!"

वस्तीवर खंडोबाचं छोटं देऊळ होतं. त्याच्या सागवानी उंबऱ्यात काही जुनी नाणी ठोकलेली होती. श्रीपतरावांनी ती अनेकदा पाहिली होती आणि दर वेळी त्यांना मनातून त्या अडाणीपणाची चीड आली होती. का ठोकलीत, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर काकासाहेबांनी गोष्ट सांगितली असती आणि ती ऐकावी लागली असती.

आता ती तातेरावांनी सांगितली. तांबडी गाय हरवली, दोन दिवस कुठं मिळेना. मिळाली ती ह्या देवळापुढं बसलेली. ती उठली तेव्हा तिच्या खुराखालून काकासाहेबांना पहिलं नाणं सापडलं. तेव्हा काकासाहेबांचे आजोबा हयात होते. ते म्हणाले, माणसाला मातीतून मिळालेलं पहिलं नाणं देवाचं असतं. ज्याला सापडलं त्यानं स्वतःच्या हातानं उंबऱ्यात ठोकायचं. पुढची सगळी त्याची. तेव्हापासून त्या रानात ज्याला ज्याला काही सापडलं, त्यानं आपलं पहिलं नाणं तिथं ठोकलं होतं. एक साळूबाईंचं होतं. एक ऊसतोडीला आलेल्या कुणा बाईचं होतं.

श्रीपतराव पटकन उंबऱ्याच्या आणि काकासाहेबांच्या मध्ये आले.

"अहो पण हे चांदीचं आहे," ते म्हणाले. "दुर्मिळ आहे. हे संग्रहालयात जायला पाहिजे."

"देवाच्या उंबऱ्यापेक्षा मोठं संग्रहालय कोणतं?" तातेराव म्हणाले.

"मग याच्या बदली मी दुसरं देतो. घरी आहेत माझ्याकडे. पाहिजे तर पाच देतो."

"ते तुमचं घेतलेलं झालं," काकासाहेब म्हणाले. समजावून सांगावं तसं म्हणाले, रागावून नाही. "सापडलेलं हे हाय ना."

"बरं, मग चिकटवू या. फेविक्विकनं चिकटवलं तर—"

"चिकटवलेलं कोनी बी उचकटून नेईल. खिळाच पायजे. बिलकुल मधोमध, म्हंजी फिरत न्हाई."

एक वाक्य पुरेसं होतं. हे माझंच आहे, मी घरून आणलं होतं. एवढं म्हटलं असतं तर राजा वाचला असता. श्रीपतरावांनी ते वाक्य जिभेवर आणलंही. पण समोर तातेराव होते, हॉटेल बंद करून आलेला पुंजाराम होता, आणि काकासाहेब होते. हसतील. जन्मभर हसतील. आणि काकासाहेब हसणार नाहीत, ते कीव करतील. ते तर हसण्यापेक्षा वाईट.

साळूबाई म्हणाल्या, "जोडीनं लागतंय हे. वहिनींना आणा जल्दी." काकासाहेबांचा मुलगा कल्याण जीप घेऊन अंबडला गेला. तो परत येईपर्यंत श्रीपतराव देवळाच्या पायरीवर बसून होते. नाणं ताम्हणात, हळदीत पडलं होतं. लोक येत होते, बघत होते आणि त्यांना विचारत होते, कसं सापडलं, आधी काय दिसलं, हाताला कसं लागलं. कितीला पडलं, असं एकानंही विचारलं नाही. श्रीपतराव सांगत गेले. सांगता सांगता रंगत गेले. ढेकूळ चमकलं, आपण आधी काच समजलो, मग वाकलो. एक-दोनदा तर त्यांचं त्यांनाच खरं वाटलं.

विमलताई आल्या. साळूबाईंनी त्यांच्या हातात कुंकवाची कोयरी दिली. त्या ताम्हणावर वाकल्या आणि तशाच थांबल्या. कुरळे केस, धारदार नाक, कानातलं कुंडल. आपला ओटा त्यांनी ओळखला. त्यांनी मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. श्रीपतराव खंडोबाकडे बघत होते. विमलताईंनी राजाला कुंकू लावलं आणि त्या बाजूला झाल्या.

हातोडी श्रीपतरावांच्या हातात आली. नाणं उंबऱ्यावर ठेवलं गेलं. त्यांनी खिळा हळूच कडेला धरला, राजाच्या मानेपाशी. काकासाहेबांनी मायेनं त्यांचा हात धरून तो मधोमध आणला. नेमका कानावर. पहिला घाव बसला आणि खिळा पातळ चांदीतून आरपार गेला. दुसऱ्या घावाला तो लाकडात शिरला. "येळकोट येळकोट जय मल्हार!" सगळे ओरडले आणि भंडारा उधळला. श्रीपतरावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. भक्तीनं आलं, असं पुंजारामनं नंतर हॉटेलात सगळ्यांना सांगितलं.

आणि तेव्हा, भंडाऱ्यानं सगळं पिवळं झालेलं असताना, काकासाहेब एकटेच उंबऱ्यापाशी उकिडवे बसून राहिले. नाण्यावरून अंगठा फिरवत होते. "जन्म गेला ह्या रानात," ते हळूच म्हणाले. "मला न्हाई भेटलं असं." त्यांच्या आवाजात ते होतं. श्रीपतरावांना चांगलंच ओळखू आलं, कारण ते त्यांनी स्वतःच्या आवाजात एवढी वर्षं लपवलं होतं. काकासाहेबांना हेवा वाटला होता. शेवटी एकदाचा वाटला होता. आता गोड वाटायला पाहिजे, म्हणून श्रीपतराव थांबून राहिले. पण तो हेवा त्यांच्या वाट्याचा नव्हताच. तो त्या माणसाचा होता, ज्याला ह्या रानात चांदीचं नाणं सापडलं होतं. लोक त्याच्या पाठीवर थाप मारत होते, त्याला नारळाचा प्रसाद देत होते. श्रीपतरावांना त्या माणसाचा इतका मत्सर वाटला की प्रसाद त्यांनी तसाच खिशात टाकला.

परत जाताना स्कूटरवर मागं बसलेल्या विमलताई अंबडच्या अलीकडे म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्ही बोलाल. पहिला घाव बसेपर्यंत वाटत होतं."

श्रीपतरावांनी गियर बदलला.

"नुसता ओटा राहून गेला असता तरी चाललं असतं हो," त्या म्हणाल्या. "आता ओटाही नाही आणि तो मेला राजाही नाही."

त्यानंतर श्रीपतराव वडीगोद्रीला गेले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले, मग स्कूटर बिघडली म्हणाले. काकासाहेबांचे फोन यायचे. पहिल्यांदा म्हणाले, "तुम्ही दावलेल्या जागी रोज जाऊन बसून राह्यलो." मग म्हणाले, "तो कोपरा चाळनीनं चाळायला काढलाय." श्रीपतरावांना हे ऐकून आतून गुदगुल्या व्हायच्या. बसा म्हणावं चाळत. जिथं काही नव्हतं तिथं काही सापडणार नाही. काकासाहेबांचे हातही रिकामे राहू शकतात, ही कल्पना त्यांना रात्रीच्या जेवणात पापडासारखी रुचकर लागायची. मीठ जास्त झाल्याची तक्रारही बंद झाली.

एका दुपारी दारात काकासाहेब उभे. वडीगोद्रीहून एसटीनं आले होते, उन्हातून चालत आले होते आणि दारातच हसत होते. आत येऊन ते टेबलाशी बसले. विमलताईंनी पाणी आणलं, ते त्यांनी तसंच ठेवलं. धोतराच्या सोग्यातून रुमालाची पुरचुंडी काढून त्यांनी ती टेबलावर सोडली.

चांदीचं नाणं. कुरळे केस, धारदार नाक, कानात कुंडल. उंबऱ्यातल्या राजापेक्षा कितीतरी स्वच्छ, कडेची अक्षरंसुद्धा वाचता येत होती.

"तुमच्या जागेवर!" काकासाहेब म्हणाले. "आमच्या बाबांनी पांढरीच्या गाड्या तिथंच रित्या केल्या असतील. माझ्या ध्यानातच न्हाई आलं कधी. शेळ्या बसायच्या म्हनून त्या कोपऱ्यात मी कधी गेल्तोच न्हाई. तुम्हाला सापडलं नसतं तर जल्मात गेलो नसतो बघा."

"नेमकं कुठं?" श्रीपतरावांनी विचारलं. 

"तुमचा खड्डा होता न्हाई का किल्लीनं उकरल्यासारखा? त्याच्या बराबर उजवीकडं." काकासाहेबांनी टेबलावर अंगठा टेकला आणि करंगळी ताणली. "हे बघा, एवढं. एक वीत. वरच्यावर होतं हो. नुसती माती लोटली की दिसलं असतं."

स्वयंपाकघराच्या दारात विमलताई चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. त्या पुढं आल्या नाहीत.

श्रीपतराव त्या वीतभर जागेकडे बघत राहिले. त्या सकाळी ते तिथंच गुडघे टेकून बसले होते. आजूबाजूला कुणी नव्हतं, ऊन तिरपं होतं आणि सगळं रान त्यांना मोकळं होतं. त्यांनी एकदासुद्धा उजवीकडे पाहिलं नव्हतं. त्यांना आपलं नाणं मातीत घालायची घाई होती.

"आता वाचा की," काकासाहेब नाणं पुढं सरकवत म्हणाले. "कोनता राजा हाय?"